अक्रोडाएवढे लोणी, लिंबाएवढी चिंच

नव्या पाककृतींच्या पुस्तकांत काही कमी नसते. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे, ग्रॅम, मिलिलिटर, मिनिटे आणि वर एका वाढणीत किती उष्मांक याचा हिशेब. तरीही अनारशांसाठी तांदूळ भिजत घालायची वेळ आली, की घरातली जाणती गृहिणी कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली काढते ते बांधणी खिळखिळी झालेले, पाने पिवळी पडलेले, हळदीच्या बोटांचे ठसे मिरवणारे जुने पुस्तक. नाहीतर सासूबाईंची वही.

रायपूरच्या तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा अशा जुन्या वस्त्यांतल्या मराठी घरांत या पुस्तकांना आणि वह्यांना आणखी एक मोल आहे. मराठी स्वयंपाक छत्तीसगडात आला तो भोसल्यांच्या मागोमाग. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून हा मुलूख पाहत होते. १८१८ नंतर कर्नल अॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपूरला हलवले. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यच खालसा झाले. पुढे मध्य प्रांताचा कारभार नागपुरातून चालू लागला, तेव्हा कारकून, वकील, शिक्षक, रेल्वेतले नोकरदार अशी मराठी माणसे इथे येतच राहिली. १९५६ मध्ये नागपूर एका राज्यात गेले आणि रायपूर दुसऱ्या; २००० साली रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले. राज्यांच्या सीमा अशा हलत राहिल्या, फोडणी मात्र फारशी हलली नाही.

माहेर शेकडो मैल दूर असलेल्या सुनेला अडल्यानडल्याला विचारायचे कोणाला? पुस्तक हीच तिची आत्या आणि मावशी. म्हणून ते जपले गेले, हे समजण्यासारखे आहे. पण आता फोनवर बटण दाबले की आईचा चेहरा समोर येतो, पाहिजे ती कृती पडद्यावर हलताना दिसते. मग या जुन्या पुस्तकांची गोडी का उरावी? हा प्रश्न आपल्याकडेच पडतो असे नाही. इंग्लंडमध्ये पावणेतीनशे वर्षांपूर्वीची पाकपुस्तके आजही पुन्हा छापली जातात आणि त्यांतून साध्या घरांत रांधले जाते. तिथली गोष्ट पाहिली की इथली अधिक चांगली कळते.

फावड्यावर भाजलेले धने

१७४७ साली लंडनमध्ये स्वयंपाकाचे एक पुस्तक निघाले. नाव लांबलचक, पण त्याचा अर्थ एवढाच, की पाककला साधी आणि सोपी करून सांगितली आहे. लेखिकेचे नाव नव्हते. 'एका बाईने लिहिलेले' एवढाच उल्लेख. पुस्तक विकायला ठेवले होते ते चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात. गिऱ्हाईक कुठे सापडेल हे बाईला बरोबर ठाऊक होते. ही हॅना ग्लास.

हॅनाबाईंच्या आधीही इंग्रजीत पाकग्रंथ होते. सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक १३९० च्या सुमाराचा, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातला. त्याच्या नावात 'क्युरी' असा शब्द आहे, पण त्याचा आपल्या करीशी काही संबंध नाही. त्या काळच्या इंग्रजीत क्युरी म्हणजे रांधणे. त्यात कृती दोनशेच्या आसपास आणि मापे जवळजवळ नाहीतच. राजाच्या आचाऱ्याला माप सांगायचे कोणी?

हॅनाबाई लिहीत होत्या त्या घरातल्या मोलकरणीसाठी. मोठे शब्द वापरले तर त्या बिचारीला कळणार नाही, म्हणून आपण साध्या बोलीत लिहितो, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. फ्रेंच आचाऱ्यांच्या उधळपट्टीवर त्यांचा भारी राग. बारा अंडी तळायला सहा पौंड लोणी वापरणाऱ्या एका आचाऱ्याची गोष्ट त्या सांगतात आणि अर्धा पौंड पुष्कळ होते असा शेरा मारतात. काटकसरी सासूचाच स्वर हा! वाचणारीला तो चटकन ओळखीचा वाटतो.

याच पुस्तकात 'हिंदुस्थानी पद्धतीची करी' आहे. इंग्रजी भाषेत छापली गेलेली करीची ती पहिली कृती मानली जाते. कोंबडीचे किंवा सशाचे तुकडे, तीन-चार लहान कांदे बारीक चिरून, मिरीचे तीस दाणे, मोठा चमचाभर तांदूळ, चहाचा चमचाभर मीठ आणि धने. हे धने भाजायचे कशावर, तर स्वच्छ फावड्यावर. शेगडीत कोळसे सारायचे लोखंडी फावडे धुऊन घ्यायचे, त्यावर धने टाकून विस्तवावर धरायचे आणि मग कुटायचे. तवा नाही तर फावडे; धने खमंग भाजल्याशिवाय कुटायचे नाहीत, ही खरी गोष्ट बाईंना बरोबर कळली होती. पुढे सगळे पाण्यात मंद शिजवून शेवटी मोठ्या अक्रोडाएवढा लोण्याचा गोळा.

हळद नाही, आले नाही, मिरची तर नाहीच. हळद आणि आले पुढच्या आवृत्त्यांत आले. रायपुरातली कोणतीही गृहिणी ही कृती वाचून हसेल. पण 'अक्रोडाएवढे लोणी' वाचताना ती थबकेल, कारण तिच्या वहीत लिंबाएवढी चिंच आहे, सुपारीएवढा गूळ आहे, बोटाच्या पेराएवढे पाणी आहे.

हॅनाबाईंच्या नशिबी मात्र सुख नव्हते. अठराव्या शतकातच पुस्तकाच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या, पण १७५४ मध्ये बाईंचे दिवाळे वाजले, पुस्तकाचे हक्क विकावे लागले आणि १७५७ मध्ये कर्जापायी तुरुंगही पाहावा लागला. १७७० मध्ये त्या वारल्या. त्यानंतर एक विचित्र चर्चा चालली. हे पुस्तक एका डॉक्टरने लिहिले, असे एक पुस्तकविक्रेता छातीठोकपणे सांगत होता. डॉक्टरची गोष्ट प्रख्यात कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांना पटली नाही, पण बाया सूत चांगले काततील, पाकशास्त्राचे चांगले पुस्तक त्यांना लिहिता येणार नाही, असे मत त्यांनीही दिले. पुस्तक हॅना ग्लास यांचेच, हे पुराव्यानिशी सिद्ध व्हायला १९३८ साल उजाडावे लागले. तेही सिद्ध केले एका बाईनेच, मॅडलिन होप डॉड्स या अभ्यासिकेने.

न्यायाची बाजू सांगायची तर हॅनाबाईंनीही तीनशेहून अधिक कृती इतरांच्या पुस्तकांतून उचलल्या होत्या. पाककृतींच्या बाबतीत सगळ्या देशांत हाच रिवाज दिसतो. १८४५ मध्ये एलायझा अॅक्टन या कवयित्रीने अतिशय नेटके पुस्तक लिहिले. साहित्य, प्रमाण आणि वेळ वेगळी काढून लिहायची पद्धत तिने रुळवली. १८६१ मध्ये आलेल्या इझाबेला बीटन यांच्या जाडजूड ग्रंथाने तिच्या कृती बिनबोभाट घेतल्या आणि नाव झाले ते बीटनबाईंचे. बीटनबाईंना ते फार काळ मिरवायला मिळाले नाही. अठ्ठाविसाव्या वर्षीच त्या गेल्या.

शेर मुंबईचा आणि शेर रायपूरचा

आपल्याकडे छापील पाकपुस्तकांची परंपरा काही थोडीथोडकी नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चे. आणि छापखाना येण्याआधीही तंजावरच्या मराठी दरबारात सरफोजीराजांच्या काळी, म्हणजे १७९८ ते १८३२ च्या दरम्यान, मुदपाकखान्यातले पदार्थ मराठीत लिहून ठेवले गेले. त्यांत इंग्रजी पद्धतीचे पदार्थही आहेत. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसाने शेजाऱ्याचे ताट कुतूहलाने पाहिले आणि लिहून घेतले, हा रायपूरचाही अनुभव आहे.

जुने पुस्तक घेऊन प्रत्यक्ष चुलीपुढे उभे राहिले की पहिली अडचण मापाची. १९१० च्या पुस्तकात शेर, पावशेर, तोळे, मासे. तोळा म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅम, बारा मासे म्हणजे एक तोळा, इथवर ठीक. पण शेर कोणता? मुंबईचा जुना मण अठ्ठावीस पौंडांचा, त्याचे चाळीस शेर. म्हणजे एक शेर जेमतेम ३१७ ग्रॅम. मध्य प्रांतात चालणारा पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. जवळजवळ तिप्पट! मुंबईत छापलेले पुस्तक घेऊन रायपूरला आलेल्या सुनेने शेरभर रव्याचे लाडू करायला घेतले, तर ती कोणता रवा मोजणार? छत्तीसगडातली धान्याची मापे तर आणखी निराळी: पैली, काठा आणि वीस काठ्यांची खंडी. मराठी मुलखातली खंडी वीस मणांची. शब्द तोच, पण धान्याचा ढीग वेगळा.

१९५६ चा कायदा झाल्यावर हळूहळू किलो आणि लिटर आले, तेव्हा हा गोंधळ थांबला. इंग्रजांचेही याहून बरे नव्हते. हॅनाबाईंच्या वेळचा पिंट सुमारे ४७३ मिलिलिटरचा. १८२४ च्या कायद्याने इंग्लंडचा पिंट ५६८ मिलिलिटरचा झाला. अमेरिकेने जुनाच ठेवला. त्यामुळे एकच कृती लंडनमध्ये पातळ आणि न्यूयॉर्कमध्ये घट्ट होऊ शकते.

तरीही त्या सुनेचे लाडू बिघडले नसणार. शेरभर रव्याला अमुक शेर साखर आणि तमुक शेर तूप, हे नाते शेर लहान असो की मोठा, तेच राहते. फसगत होते ती शेर आणि तोळा एकाच कृतीत आल्यावर. रवा तिप्पट झाला आणि वेलदोडे तोळाभरच राहिले, तर लाडवाला वास कुठून येणार? अनुभवी बाई हे लगेच ओळखते. जुनी कृती ती आकड्यांत वाचत नाही, नात्यात वाचते: याच्या दुप्पट ते, त्याच्या निम्मे हे. इंग्रजांचा पाउंड केक त्याच जातीचा. हॅनाबाईंकडे तो आहे: पौंडभर लोणी, पौंडभर पीठ, पौंडभर साखर आणि बारा अंडी, त्यांतली निम्मी पांढरी बलके वगळून. लोणी मातीच्या भांड्यात हाताने एकाच दिशेने फेटायचे, दाट साईसारखे होईपर्यंत. सगळे एकत्र झाल्यावर आणखी तासभर फेटायचे. नानकटाईसाठी परातीत तूप फेसणाऱ्या आजीला ही सूचना वेगळी सांगावी लागली नसती.

जुन्या पुस्तकांची खरी ताकद या खुणांत आहे. 'मध्यम आचेवर सात मिनिटे' ही सूचना गॅस, कढई आणि हवा बदलली की निरुपयोगी होते. मे महिन्यातल्या रायपूरच्या उन्हाळ्यात आणि महाबळेश्वरच्या पावसात पीठ सारखे भिजत नाही, इडलीचे पीठ सारखे आंबत नाही. पण 'कडेने तूप सुटू लागले की', 'दोन बोटांत तार धरली की', 'झाऱ्याला हलके लागले की' या खुणा कुठल्याही गावात, कुठल्याही चुलीवर चालतात. जुन्या इंग्रजी कृतींत अमुक प्रार्थना म्हणून होईपर्यंत शिजू द्या, असे लिहिलेले आढळते. आपल्या घरांतही घड्याळाआधी रामरक्षा होतीच.

अर्थात, अंदाज म्हणजे सगळे उत्तमच, असे मुळीच नाही. 'पुरेसे पाणी', 'बेताचे मीठ', 'नेहमीचा मसाला' या शब्दांनी किती नव्या सुनांच्या डोळ्यांत पाणी आणले असेल! ज्या बाईने लिहिले तिच्या लेखी ती नेहमीची गोष्ट. दुसऱ्या घरातून आलेल्या मुलीला नेहमीचे म्हणजे काय, हे कोण सांगणार? ही उणीव ओळखली कमलाबाई ओगले यांनी. त्यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी स्वयंपाकघर जिंकले. वाटी प्रत्येक घरात असते आणि सगळे एकाच वाटीने मोजले की प्रमाण चुकत नाही. जुने नाते आणि नवा नेमकेपणा यांची अशी सांगड क्वचितच पडते. नोकरीनिमित्त दूरच्या गावी संसार थाटणाऱ्या किती मुलींच्या ट्रंकेत हे पुस्तक गेले असेल, याची गणती नाही.

बस्तरचा तिखुर, विलायती ब्लाँमांज

परमुलखात जुने पुस्तक वापरायचे म्हणजे बदल आलाच. पुस्तकात आंबेमोहोर असतो, रायपूरच्या बाजारात नगरीचा दुबराज आणि सरगुजाचा जीराफूल. मसालेभाताला त्यांचा सुगंध कमी पडत नाही. आमसूल मिळाले नाही तर चिंच किंवा आमचूर. तीज-पोळ्याला शेजारणीकडून ठेठरी आणि खुरमी येते. हरतालिका आणि तीजा एकाच तिथीला असल्याने दोन्ही घरांतल्या बायका उपाशी राहून दुसऱ्यांसाठी तळण तळत असतात, हा एक मजेदार योग. छत्तीसगडी अइरसा हा तर तांदूळ-गुळाचा, अनारशाचा सख्खा भाऊ. अशा पदार्थांची नोंद मराठी वहीच्या मागच्या पानांवर होते आणि दोन पिढ्यांनी ते 'आमच्या घरचे' होऊन बसतात.

विलायती पुस्तकांचेही असेच एक नाते रायपूरशी आहे. त्या पुस्तकांत आजाऱ्यासाठी आणि मुलांसाठी अॅरोरूटचे पदार्थ फार. त्यातला एक प्रकार इंग्रज व्यापारात 'ईस्ट इंडियन अॅरोरूट' म्हणून ओळखला जाई. तो कशाचा, तर रानहळदीच्या जातीच्या एका कंदाच्या सत्त्वाचा. छत्तीसगडात त्याला तिखुर म्हणतात, मराठीत तवकीर. बस्तरच्या जंगलातून तो कंद येतो, रायपूरच्या बाजारात त्याचे पांढरे खडे मिळतात आणि उपासाला त्याची बर्फी होते.

तेव्हा बीटनबाईंच्या पद्धतीचे ब्लाँमांज, म्हणजे दुधाची गार थापी, रायपुरात करायला काहीच अडचण नाही. तीन मोठे चमचे तिखुर पाण्यात भिजवून खाली बसू द्यावा, वरचे पाणी ओतून टाकावे. असे दोन-तीनदा केले की माती आणि कडवटपणा जातो. अर्धा लिटर दुधातले वाटीभर गार दूध बाजूला ठेवून बाकीच्यात लिंबाची पातळ काढलेली पिवळी साल टाकून मंद आचेवर तापवावे. साल, रस नव्हे. आणि सालीची आतली पांढरी बाजू येऊ देऊ नये, नाहीतर कडू लागते. साल काढून टाकून चार चमचे साखर घालावी. गार दुधात कालवलेला तिखुर त्यात ओतून सतत ढवळत राहावे. मिश्रण चकचकीत झाले आणि कडा सोडू लागले, की पाण्याने ओल्या केलेल्या वाट्यांत ओतावे. गार झाल्यावर उलटे करावे. लिंबाच्या सालीऐवजी वेलदोडा घातला तर तेच मराठी होते. दीडशे वर्षांपूर्वीची कृती, आणि तिच्यात फ्रीजसुद्धा लागत नाही; रायपूरचा उन्हाळा सोडून.

सगळ्याच इंग्रजी लेखिका अशा जवळच्या वाटत नाहीत. १८८८ मध्ये फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी हिंदुस्थानात राहणाऱ्या मडमांसाठी घर चालवण्याचे पुस्तक लिहिले. त्यात नोकरांवर वचक ठेवण्याच्या सूचना पानोपानी, आणि देशी पदार्थ बहुधा अति तुपकट नि अति गोड असा निकाल. इतिहास म्हणून ते वाचावे. पण चुलीपाशी न्यावेसे वाटत नाही. स्वयंपाकाचे पुस्तक टिकते ते वाचणारीला बरोबरीची मानणारे.

वाचणारे हात

रायपूरच्या घरांत आज खरा पेच वेगळाच आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली. घरात मराठी बोलतात, लिपी तीच असल्याने अक्षरे वाचता येतात, पण मराठी पुस्तक हातात घेण्याचा प्रसंग येत नाही. माधवराव सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले; त्यांचे अखेरचे दिवसही रायपुरातच गेले. आजीच्या वहीला असा अनुवादक कुठून मिळणार? पण अनेक घरांत उलटेच घडते. पुरणपोळी करायची म्हणून नातसून वही उघडते आणि अडखळत का होईना, चार पाने मराठी वाचते. 'मोहन', 'आधण', 'परतणे', 'खुटखुटीत', 'लुसलुशीत' हे शब्द तिला कोशात शोधावे लागत नाहीत. सासू शेजारी उभी राहून पिठात बोट घालून दाखवते.

हे शेजारी उभे राहणारे माणूस आहे, तोवरच वहीतल्या रिकाम्या जागा भरता येतात. इंग्लंडमध्ये तो धागा मध्ये तुटला. जुनी पुस्तके होती, पण त्यांतल्या खुणा सांगणाऱ्या बायका कारखान्यांच्या आणि महायुद्धांच्या काळात उरल्या नाहीत. मग डोरोथी हार्टली यांनी १९५४ मध्ये आणि जेन ग्रिगसन यांनी १९७४ मध्ये जुन्या इंग्रजी स्वयंपाकावर पुस्तके लिहून तो पुन्हा जुळवायला घेतला. १९८३ मध्ये हॅनाबाईंचे १७४७ चे पुस्तक जसेच्या तसे छापले गेले. पुस्तक परत आले. पण ते फावडे नेमके केवढे आणि किती तापलेले, हे आता ज्याचे त्याने करूनच पाहायचे.

आपल्या वह्यांवर तर लेखिकेचे नावही नसते. 'आईची वही', 'मोठ्या काकूंची वही', एवढीच ओळख. कित्येकदा एकाच पानावर तीन अक्षरे दिसतात: सासूचे बोरूचे वळण, सुनेची निळी शाई, मुलीचे बॉलपेन. कुठे 'हे सुधाच्या डोहाळजेवणाला केले होते, चाळीस पाने' अशी टीप, कुठे 'साखर फार होते' असा चिरडीला येऊन लिहिलेला शेरा. कसर लागू नये म्हणून या वह्यांत कडुलिंबाची पाने ठेवण्याची जुनी रीत चांगलीच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. पानांची छायाचित्रे काढून ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. त्याआधी एक दिवस वहीतली 'नेहमीची वाटी' कपाटातून काढावी, पाण्याने काठोकाठ भरावी, ते पाणी मापात ओतून किती मिलिलिटर भरले ते पहिल्या पानावर लिहावे. शेजारी, लिहिणारीचे पूर्ण नाव आणि गाव.